दरपत्रक

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. नफा-तोट्याचा धडा दरवर्षी येतो. कीमते-खरीद, कीमते-फरोख्त आणि दोहोंतला फरक म्हणजे नफा किंवा नुकसान. पोरं हा धडा पटकन शिकतात, कारण निम्म्याजणांच्या घरी एखादं दुकान नाहीतर हातगाडी असतेच. बी.एड.ला असताना याच घटकावर मी पाठ घेतला होता आणि निरीक्षक सरांनी ‘उदाहरणे जीवनाशी निगडित’ असा शेरा मारला होता. त्या शेऱ्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. पुढे सख्ख्या बहिणीच्या कामाचे दर ठरवायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की पुस्तकातल्या गणितात कीमते-खरीद आयती दिलेली असते. ‘एका दुकानदाराने एक खुर्ची ४०० रुपयांना विकत घेतली.’ आमच्या घरातल्या गणितात दुकानदाराने नेमकं काय विकत घेतलंय आणि काय विकतोय, हेच आधी शोधावं लागलं.

आमचं घर मिरजेत. मीरासाहेब दर्ग्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर अब्बांचा फोटो स्टुडिओ. पुढे काचेचा काउंटर, मागे निळा पडदा, त्याच्याही मागे डार्करूम. काउंटरच्या काचेवर अब्बांनी पेंटरकडून दर लिहून घेतले होते. ‘पासपोर्ट ३ कॉपी १५ रु.’ ही ओळ माझ्या लहानपणी मी येता-जाता वाचायचो. मला मराठी वाचता यायला लागलं ते शाळेत नव्हे, त्या काचेवर. आत बसून वाचलं तर अक्षरं उलटी दिसायची.

अब्बांच्या काळात दर ठरवणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण दर समजावणं सोपं होतं. रोलला पैसे पडत, धुलाईला पडत, प्रिंटला पडत. छत्तीस फोटोंच्या रोलमधून हात चालवून सदतीस, कधी अडतीस निघायचे, तो एखादा जास्तीचा फोटो म्हणजे अब्बांचा नफा, असं ते हसत सांगायचे. लग्नाची ऑर्डर आली की विचारायचे, ‘किती रोल?’ दोन रोल म्हणजे साधं लग्न, पाच म्हणजे बड्या घरचं. मॅक्सी साइजच्या प्रिंटा मोजून द्यायच्या, मोजून पैसे घ्यायचे. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू पडायची आणि वस्तूला किंमत असते, हे सगळ्यांना मान्य असतं.

मग रोल गेला. आमच्याकडे तो २००५-०६ च्या सुमारास गेला. सगळे म्हणतात डिजिटलने फोटोग्राफरचा खर्च वाचवला. वाचवला असेल, पण त्या खर्चाबरोबर त्याचं उत्तरही गेलं. लोक काउंटरवर कोपर टेकून म्हणायला लागले, “अब रोल तो लगताच नै, फिर पैसे कायके?” अब्बांकडे याला उत्तर नव्हतं. ते चहा मागवायचे आणि शंभर-दोनशे कमी करायचे. त्या दिवसांत त्यांना पासपोर्ट फोटोंनी तारलं. २००८ साली अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा फॉर्मला लावायला फोटो हवा म्हणून आमच्या स्टुडिओपुढे उर्दू शाळेतल्या पोरांची रांग लागायची. आणि दरवर्षी हजचे अर्ज निघाले की मोहल्ल्यातले बुजुर्ग यायचे. एरवी ‘तस्वीर काढणं बरं नव्हे’ म्हणून अब्बांना उपदेश करणारेही त्यात असत. अब्बा त्यांची टोपी सरळ करून, ‘हजरत, जरा इकडं बघा’ म्हणत, आणि त्यांच्याकडून मात्र एक रुपयाही कमी घेत नसत.

नसरीन, माझी धाकटी बहीण, २०१७ साली तीन वर्षांच्या मुलीला घेऊन घरी परत आली. तलाक झाला होता. त्याची कहाणी इथे सांगण्याची नाही, ती तिची आहे. इतकंच सांगतो की मेहेरचे ५१,००० रुपये चार माणसांसमोर मोजून मिळाले. अम्मीचं म्हणणं होतं की पोरीच्या नावाने ठेवावेत. नसरीनने ते ठेवले नाहीत. अब्बांकडून १५,००० घेतले, कोल्हापुरात जाऊन एक वापरलेला निकॉन डी-७५० कॅमेरा ६६,००० ला घेऊन आली. जुन्या लेन्स अब्बांकडे होत्याच.

तिचा हिशोब सरळ होता. आमच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको असतो. मग तिथे कोण असतं? एखादी मावसबहीण मोबाइल घेऊन. नवरी एवढी सजते, महिनाभर आधीपासून कपडे शिवते, आणि तिचे फोटो हलके, अंधुक, अर्ध्यात कुणाची तरी ओढणी. नसरीन अब्बांच्या डार्करूममध्ये वाढलेली. प्रकाश कुठून येतो आणि कुठे पडतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

२०१८ च्या हिवाळ्यात ऑर्डरी सुरू झाल्या. मेहंदी, निकाह, वलीमा असे तीन दिवस, अल्बमसकट ८,००० रुपये. हा आकडा कुठून आला असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “पहिल्या घरी त्या आपाच म्हणाल्या, आठ देते. मी हो म्हटलं.” पुढच्या सगळ्या घरांना पहिल्या घरचा आकडा माहीत होता. आमच्या मोहल्ल्यात दरपत्रक छापावं लागत नाही, ते चालत येतं.

चार-पाच महिने ती राबली. मी रात्री अकराला उठून पाणी प्यायला जावं तर ती कॉम्प्युटरपुढे, मुलगी मांडीवर झोपलेली. आणि महिन्याच्या शेवटी दूधवाल्याचे पैसे अब्बांच्या गल्ल्यातूनच जायचे. एका रविवारी मी माझी फूलस्केप वही काढली. म्हटलं, आपण गणिताचे मास्तर आहोत, बसू.

एका लग्नाचा हिशोब असा निघाला. अल्बमच्या ३० शीट, प्रत्येकी ११० रुपये, म्हणजे ३,३००. कव्हर आणि पेटी ९००. शीटचं डिझाइन करणारा मुलगा शीटला ४० घ्यायचा, ते १,२००. रिक्षा-पेट्रोल २००. लाइट धरायला शेजारची एक मुलगी, तिला ५००. एकूण ६,१००. आठ हजारातून राहिले १,९००.

“बघ, एकोणीसशे सुटतात की,” अम्मी म्हणाली.

मी कॅमेऱ्याकडे वळलो. त्या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, असं कंपनी सांगते. आमचा घेतला तेव्हा त्यात चाळीस हजार क्लिक झालेले होते. राहिले एक लाख दहा हजार. ६६,००० भागिले १,१०,०००, म्हणजे एका क्लिकला ६० पैसे. नसरीन एका लग्नात अडीच हजार क्लिक करायची. १,५०० रुपये तिथेच झिजले. राहिले ४००.

मग मी तास मोजले. मेहंदी चार तास, निकाह नऊ, वलीमा पाच. अडीच हजारांतून चारशे फोटो निवडायला आठ. ते चारशे ठीकठाक करायला चौदा. एकूण चाळीस. चारशे भागिले चाळीस मी वहीत लिहिलंही नाही. सातवीतलं पोर तोंडी सांगेल. तासाला दहा रुपये.

नसरीन बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी माझं मेहेर साठ-साठ पैशांनी वाटत होते.”

अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना हे सगळं फारसं आवडलं नव्हतं. “असा हिशोब केला तर कुणीच धंदा करणार नाही,” ते म्हणाले. “मी चौतीस वर्षं केला तो काय तास मोजून?” मला त्यांना म्हणायचं होतं की अब्बा, म्हणूनच चौतीस वर्षांनी घराचं छप्पर पत्र्याचं आहे. मी म्हटलं नाही. माझं बी.एड. त्याच पत्र्याखाली त्यांच्याच फोटोंच्या पैशांवर झालंय.

मग उलट्या बाजूने मांडलं. नसरीनला महिन्याला निदान बारा हजार हवेत, म्हणजे वर्षाला १,४४,०००. वीज, दुरुस्ती, हार्डडिस्क, सेल, दुकानाचं भाडं असे वर्षाचे ३६,०००. एकूण १,८०,०००. पासपोर्ट फोटो, फॉर्म, लॅमिनेशन यांतून दुकानात वर्षाला साठेक हजार येतात. उरले १,२०,०००. वर्षाला तीस लग्नं धरली तर एका लग्नामागे ४,००० घरी आले पाहिजेत. त्यात कॅमेऱ्याचे १,५०० आणि खर्चाचे ६,१०० मिळवा. ११,६००. आम्ही १२,००० लिहिले.

तीस लग्नं हा माझा अंदाज होता, आणि अंदाजात मी चंद्र विसरलो होतो. ही गोष्ट कुठल्याही धंद्याच्या पुस्तकात नसेल. आमच्याकडे मोहरममध्ये लग्नं होत नाहीत, रमजानमध्ये होत नाहीत. आणि हे महिने इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. २०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला आणि शाळेच्या सुट्टीतला लग्नाचा सगळा मे अर्धा खाऊन गेला. २०२५ मध्ये तो मार्चात आला आणि मे मोकळा झाला. मोहरम २०१८ साली सप्टेंबरात होता, २०२५ मध्ये जूनच्या अखेरीस आला, म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा तसंही काम नसतं. दोन मंद महिने एकमेकांवर पडले की वर्ष बरं जातं. नसरीन आता भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी लावते. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर मराठा आणि लिंगायत घरांतूनही तिला बोलावणं येतं. नवरी तयार होते त्या खोलीत बाईच असलेली त्यांनाही बरी वाटते, हे आधी आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

बारा हजारांचं कार्ड छापलं आणि पहिल्याच महिन्यात दोन घरं परत गेली. एका खालांनी तर अम्मीला येऊन सांगितलं, “अपनीच बच्ची है करके आए थे, इसने तो दुकान लगाई.” दुकानच तर लावलं होतं! निकाहात मेहेरची रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात, त्यात कुणाला संकोच वाटत नाही. पण त्याच मांडवात काम करणाऱ्या बाईने आपला आकडा तोंडाने सांगितला की तिला पैशाची हाव. तिसरं घर मात्र काही न बोलता ‘हो’ म्हणालं. चौथ्या घराने विचारलं, फोटो कोण कोण बघणार?

खरं दरपत्रक त्या प्रश्नापासून सुरू झालं. कारण तोवर डिझाइन करणाऱ्या मुलाकडे फोटो जात होते. नवरीच्या आईचं म्हणणं होतं की आत बाई कॅमेरा धरणार आणि बाहेर कुणीतरी परका मुलगा आमच्या मुली मोठ्या करून बघणार, मग बाईचे जास्त पैसे का द्यायचे? तिचं काय चुकलं? नसरीनने डिझाइन स्वतः शिकून घेतलं. लॅबमध्ये मशीनवर माणूसच असतो, ते तिने लपवलं नाही. शीट छापून होईपर्यंत मी स्वतः तिथे बसते आणि फाइल पुसून येते, असं ती सांगते आणि तसंच करते. म्हणजे पूर्ण एक दिवस. मूळ फोटो दोन हार्डडिस्कवर, कुलपात. एकही फोटो जाहिरातीसाठी वापरायचा नाही. दुसरे फोटोग्राफर आपलं काम मोबाइलवर दाखवून गिऱ्हाईक आणतात, हिला दाखवायलाच काही नाही.

हे सगळं दरात धरायचं की नाही, यावरून घरात मोठा वाद झाला. अब्बा म्हणाले, “अमानत की कीमत नहीं लगाते, बेटी.” नसरीन त्यांच्याशी कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी शांतपणे म्हणाली, “अब्बा, अमानत ठेवायला हार्डडिस्क लागते. ती साडेचार हजाराला मिळते. दोन लागतात.”

अब्बा तडक उठून शेजारच्या सतारमेकर चाचांकडे गेले. आमच्या मिरजेत हे बरं आहे, घरात भांडण झालं की शेजारी कुणीतरी भोपळा तासत बसलेला असतो. पंढरपूरकडचे मोठे भोपळे, तुणीचं लाकूड, दीडशे वर्षांहून जुनी ही कारागिरी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्बांना वाटलं चाचा त्यांच्या बाजूने बोलतील. चाचा म्हणाले, गिऱ्हाईक नेहमी भोपळ्याची किंमत विचारतं, लाकडाची विचारतं. तारा जुळवायला आणि जवारी काढायला किती दिवस बसलो ते कुणी विचारत नाही. म्हणून मी आधी ते दिवस धरतो, भोपळा शेवटी. मग म्हणाले, “आणि तरीही कमीच धरतो, माझ्याकडून शिकू नको म्हणावं.”

अब्बा परत आले, जेवले, आणि निजताना एवढंच म्हणाले, “दीड हजार वाढव.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. मिरज उंचावर, त्यामुळे आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, माणसं होती. पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी लोक दुकानात यायला लागले. पोलिथिनच्या पिशवीत फुगलेले अल्बम घेऊन. कुणाचे फोटो एकमेकांना चिकटून विटेसारखे झालेले. अब्बांनी दुकानातलं इतर काम बंद केलं. डार्करूममधले जुने ट्रे धुऊन काढले, त्यांत स्वच्छ थंड पाणी भरलं. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओला असतो तोवर सरकतो. वाळला की दोन फोटो एक होतात, मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाहीत. त्यामुळे जे अजून ओले होते ते आधी घ्यायचे. पाण्यात ठेवायचे, बोटाने नव्हे, पाण्यानेच सुटू द्यायचे, मग दोरीला चिमट्याने लावायचे. ज्यांनी घाई करून अल्बम उन्हात वाळवले होते, त्यांना काही सांगताना अब्बांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांच्यासाठी ते मागच्या खोलीत निगेटिव्ह शोधायला जायचे. पाकिटावर साल, आडनाव आणि रोलचा नंबर लिहून त्यांनी सगळे निगेटिव्ह ठेवले होते, जे ठेवण्याचे त्यांनी कधी कुणाकडून पैसे घेतले नव्हते.

सांगलीवाडीहून एक म्हातारी आली. नवऱ्याचा एकच फोटो, तोही पाण्याने अर्धा गेलेला. चेहरा मात्र शाबूत होता. अब्बांनी तो साफ केला, स्कॅन केला, नसरीनने रात्रभर बसून गेलेला खांदा आणि फेटा नीट केला. दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात दिली. म्हातारीने कनवटीची पिशवी सोडत विचारलं, “किती झालं?”

अब्बा म्हणाले, “पाच रुपये.”

ती गेल्यावर नसरीन भडकली. “घ्यायचेच होते तर पन्नास घ्यायचे, नाहीतर फुकट द्यायचं. पाच रुपये कसले? कागदही येत नाही त्यात.”

अब्बा ट्रेतलं पाणी बदलत होते. म्हणाले, “फुकट दिलं असतं तर दुसरी कॉपी मागायला लाजली असती. तिला तीन मुली आहेत.”

आणि ती आली. चार दिवसांनी आली, पंधरा रुपये मोजून काउंटरवर ठेवले आणि तीन कॉप्या मागितल्या. थोड्या तोऱ्यातच मागितल्या.

मी हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहावं, ते मला आजवर सुचलेलं नाही.

करोनाचं थोडक्यात सांगतो. मार्च २०२० मध्ये नसरीनकडे नऊ लग्नांचा बयाणा घेतलेला होता आणि त्यातून तिने एक फ्लॅश घेतला होता. लग्नं रद्द झाली. बयाणा परत मिळणार नाही असं कार्डावर लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी अब्बांनी ते मानलं नसतं. नवांचे नव्वांना परत गेले, त्यातले काही माझ्या पगारातून. २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास एवढ्यात लग्न उरकायचा नियम आला, तेव्हा नसरीनने दोन तासांचा वेगळा दर काढला. मे महिन्यात अब्बा गेले. त्यांचा स्वतःचा चांगला फोटो घरात नव्हता. आधार कार्डाचा होता, तो नसरीनने मोठा केला नाही.

दुकान तिने चालू ठेवलं. प्रत्येक लग्नामागे कॅमेऱ्याचे म्हणून धरलेले दीड हजार ती न चुकता मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीत टाकत होती, आणि २०२३ मध्ये तिचा नंबर आला तेव्हा काही पैसे वरून घालून तिने नवा कॅमेरा घेतला. जुना निकॉन दोन लाख क्लिकच्या पुढे गेलाय आणि अजून चालतोय. म्हणजे माझा साठ पैशांचा हिशोब चुकीचा होता. त्या चुकीवर नवा कॅमेरा आला. दर तोवर १८,००० झाला होता, बयाणा एक तृतीयांश, आणि कार्डाच्या खाली एक ओळ: ‘दर ठरलेले आहेत.’ ही ओळ माझी. अक्षर सुरेख यावं म्हणून मी ती मराठीत आणि उर्दूत दोन्ही लिपींत स्वतः लिहून दिली होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला तीन पानं लागली, कारण त्यात मीच आहे.

डिसेंबर २०२४. आमच्या शाळेतल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. स्टाफरूममध्ये त्यांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकला. “फोटोची आम्हाला काळजीच नाही, घरचाच स्टुडिओ आहे.” मी हसलो. “किती घेते आपली बहीण?” मी अठरा म्हणायला तोंड उघडलं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “तुमच्याकडून काय घ्यायचं, सर. खर्चापुरते द्या, नऊ हजार.” सगळ्यांना बरं वाटलं. मला सर्वांत जास्त बरं वाटलं. दिवसभर मी फार उदार माणूस होतो.

संध्याकाळी नसरीनला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. “बरं,” म्हणाली.

तिने ते लग्न कुठल्याही अठरा हजारांच्या लग्नासारखंच केलं. तीन दिवस, दोन बायका मदतीला, लॅबमध्ये एक दिवस. अल्बम पाहून सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि मला पुन्हा शाबासकी मिळाली. जानेवारीत मी दुकानात सहज तिची डायरी चाळली. त्या लग्नाच्या पानावर तिच्या बारीक उर्दू अक्षरात लिहिलेलं होतं: जमा ९,०००. आणि खाली: भाईजान, बाकी ९,०००.

मी चिडलो. खोटं कशाला बोलू? म्हटलं, “हे काय? सख्ख्या भावाच्या नावावर उधारी?”

“मग कुणाच्या नावावर लिहू?” ती म्हणाली. “सरांनी मागितलेले पैसे तर त्यांनी पूर्ण दिले. कमी तुम्ही केले.”

“नात्यात चालतं एवढं.”

तिने माझीच जुनी फूलस्केप वही ड्रॉवरमधून काढली. तिने ती जपून ठेवली होती. मागच्या पानावर लिहायला लागली. शीट आता १६० ची, तीस शीट ४,८००. कव्हर-पेटी १,२००. मदतीच्या बायका १,५००. जाणंयेणं ३००. झाले ७,८००. नवातून राहिले १,२००. भिशीचे दीड हजार. “तीनशे रुपये घरातून गेले, भाईजान. माझे तीन दिवस आणि रात्री सोडून द्या, त्यांचं काही लिहीत नाही.” मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, आणि आवाज जराही चढवला नाही, “तुम्ही तुमच्या पगारातून कधी कुणाला सूट देता का?”

माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणू शकलो असतो की तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून आठ हजारांवर काढली, ती सूटच होती. पण ती सूट मी कुणाला दिली नव्हती, माझ्याकडून घेतली गेली होती. आणि तेव्हा घरात सर्वांत जास्त ओरडणारा मीच होतो. ‘काम पूर्ण शिक्षकाचं आणि मानधन अर्धं’ हे वाक्य मी अब्बांना, अम्मीला, भाजीवाल्यालाही ऐकवलंय. नसरीनने ते पाठ केलेलं असणार.

आमची बोलाचाल तीन दिवस बंद होती. अम्मी मधल्या मध्ये दोघांना चहा देत होती आणि दोघांनाही दोष देत होती. चौथ्या दिवशी मी विचारलं, हप्ते चालतील का.

“चालतील,” ती म्हणाली. “तीन.”

फेब्रुवारीच्या पगारातून तीन हजार दिले, मार्चातून तीन. रमजान होता, मला वाटलं तिसरा हप्ता ती ईदीत सोडून देईल. ईदला तिने माझ्यासाठी कुर्त्याचं कापड आणलं, चांगलं, माझ्या पसंतीच्या रंगाचं. हप्त्याचा विषय काढला नाही. सोडलाही नाही. एप्रिलच्या पाच तारखेला मी दुकानात गेलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती आणि भाची काउंटरवर पासपोर्ट फोटो कात्रीने कापत होती. मी तीन हजार काउंटरवर ठेवले. नसरीनने ते मोजले, गल्ल्यात टाकले, पावतीपुस्तक उघडलं आणि गिऱ्हाइकांसमोर पूर्ण पावती लिहिली. नाव, तारीख, रक्कम. ‘सूट’ असा एक रकाना छापलेला असतो, त्यात तिने आडवी रेघ मारली. मग शिक्का शोधायला लागली. तो भाचीने कुठेतरी ठेवला होता, सापडेपर्यंत मी उभा होतो.